पोटातला जंतू, मनातली भीती: एका जुन्या संशयाची शंभर वर्षे

१/
सन १९२१. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात ट्रेंटन येथे सरकारी मनोरुग्णालय होते. तेथील अधीक्षक डॉ. हेन्री कॉटन यांनी त्या वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठात व्याख्याने दिली आणि वेडाचे मूळ सापडल्याचे जगाला सांगितले. त्यांच्या मते ते मूळ दातांच्या हिरड्यांत, टॉन्सिलमध्ये आणि आतड्यांत दडलेले होते. तेथे मुरलेला जंतुसंसर्ग रक्तात विष सोडतो आणि ते विष मेंदू बिघडवते. रोगट अवयव कापून काढला, की मन ताळ्यावर येते, असा त्यांचा सिद्धान्त होता.

२/
कॉटन यांचे उपचार आज वैद्यकाच्या इतिहासातील काळ्या प्रकरणांत गणले जातात. तरीही त्यांच्या संशयाचा एक तुकडा पुढे प्रयोगशाळेत खरा ठरला: आतड्यातील संसर्ग मेंदूतील रसायनांवर परिणाम करू शकतो. ज्या कल्पनेपायी एके काळी माणसे शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावली, तीच कल्पना पुढे विज्ञानाच्या दरबारात सन्मानाने कशी परतली, याचा हा धागा.

३/
पोट आणि मन यांचे नाते लोकभाषेला केव्हाच ठाऊक होते. मराठीत भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात धस्स होते, दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात तुटते आणि आपल्या माणसाचा अपराध पोटातच घातला जातो. परंतु वाक्प्रचार म्हणजे पुरावा नव्हे. मन बिघडले की पोट बिघडते, हे सर्वांच्या अनुभवाचे. पोट बिघडल्यामुळे मन बिघडते का, हा उलट दिशेचा प्रश्न मात्र फार अवघड होता.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर आणि कॉख यांच्या कार्यामुळे रोगांमागचे जंतू एकामागून एक उजेडात येऊ लागले. त्याच सुमारास पॅरिसचे वैद्य शार्ल बुशार यांनी ‘स्वविषबाधे’ची कल्पना मांडली: आतड्यात साचलेले अन्न कुजते, त्यातून विषे निर्माण होतात आणि शरीर स्वतःलाच विषबाधा करून घेते. पाश्चर संस्थेतील एली मेच्निकॉफ यांनी वार्धक्याचा दोष मोठ्या आतड्यातील जंतूंना दिला आणि उपाय म्हणून आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढू लागले.

५/
या विचाराला मनोविकारशास्त्रात जागा मिळाली ती १९१३ च्या एका अस्सल शोधामुळे. हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांना ‘जनरल पॅरेसिस’ने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू आढळले. त्या काळी मनोरुग्णालयांतील कितीतरी खाटा याच आजाराने भरलेल्या असत. म्हणजे वेडाच्या निदान एका प्रकाराचे कारण जंतू हे होते, हे निर्विवाद ठरले. मग उरलेल्या सगळ्या मनोविकारांमागेही जंतूच असतील, अशी आशा बळावणे स्वाभाविक होते. कॉटन यांनी त्या आशेला सिद्धान्ताचे रूप दिले.

६/
कॉटन हे भोंदू नव्हते, ही या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. ते त्या काळातील अग्रगण्य मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांचे शिष्य. जर्मनीला जाऊन क्रेपेलिन आणि अल्झायमर यांच्याकडेही त्यांनी शिक्षण घेतले होते. १९०७ मध्ये ट्रेंटनला येताच त्यांनी रुग्णांना जखडून ठेवणारी साधने बंद केली. आपल्या सिद्धान्तावर त्यांचा इतका विश्वास होता, की त्यांनी स्वतःच्या पत्नीचे आणि मुलांचेही दात काढविले. त्यांचा हेतू खोटा नव्हता, पण तो सिद्धान्ताचा पुरावाही नव्हता.

७/
ट्रेंटनमध्ये आधी दात निघाले, मग टॉन्सिल. तरीही रुग्ण सुधारला नाही, तर संसर्ग आणखी खोलवर असणार असा निष्कर्ष निघे आणि पाळी मोठ्या आतड्यावर येई. या तर्काला पराभव ठाऊकच नव्हता: रुग्ण बरा झाला तर सिद्धान्त खरा, न झाला तर शस्त्रक्रिया अपुरी. कॉटन ८५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत. प्रतिजैविके अजून आली नव्हती; पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जवळपास ३० टक्के रुग्ण दगावत, हे कॉटन यांच्याच आकडेवारीत होते. रुग्णांचा आणि नातलगांचा विरोध डावलूनही शस्त्रक्रिया झाल्या.

८/
या दाव्याची परीक्षा तेव्हाच झाली होती. न्यूयॉर्कच्या सरकारी मनोविकार संस्थेतील निकोलस कोपेलॉफ आणि क्लेरेन्स चेनी यांनी शक्य तितके सारखे असे रुग्णांचे दोन गट केले. एका गटातील संसर्गित दात व टॉन्सिल काढले, दुसऱ्या गटाला तसेच ठेवले. १९२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: सुधारणेच्या दृष्टीने दोन्ही गटांत फरक नव्हता. ट्रेंटनमध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांची मोजदाद होत होती. उपचाराविनाही किती बरे झाले असते, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

९/
१९२४ मध्ये मायर यांनी आपल्या सहकारी डॉ. फिलिस ग्रीनेकर यांना ट्रेंटनच्या चौकशीला पाठवले. ग्रीनेकर यांनी कागदपत्रे तपासली, रुग्णालयातून घरी गेलेल्यांचा माग काढला. त्यांना आढळलेले मृत्यूचे प्रमाण कॉटन यांच्या आकड्यांहून बरेच अधिक होते. शिवाय ज्यांच्यावर सर्वांत कमी उपचार झाले तेच बरे झालेल्यांत अधिक होते. परंतु मायर यांनी तो अहवाल प्रसिद्ध होऊ दिला नाही. शस्त्रक्रिया चालू राहिल्या. १९३३ मध्ये कॉटन वारले, तेव्हा त्यांच्यावर गौरवपर मृत्युलेख लिहिला तो मायर यांनीच.

१०/
दरम्यान ‘स्वविषबाधे’चा पायाही खचत होता. अमेरिकी वैद्य वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ मध्ये एक साधा मुद्दा मांडला: बद्धकोष्ठाने डोके जड झालेल्या माणसाला शौचाला होताच क्षणात हलके वाटते. रक्तात विष भिनले असते, तर ते इतक्या झटकन उतरले नसते; तेव्हा हा त्रास आतड्यावरील ताणाचा आणि चेतातंतूंचा असणार. विषाचा सिद्धान्त मागे पडला आणि त्याबरोबर संपूर्ण प्रश्नच बदनाम झाला. पुढे कित्येक दशके आतड्यातील जंतू आणि मन यांचा एका वाक्यात उल्लेख करणेही संशोधकांना अडचणीचे वाटत राहिले.

११/
पण पुरावे आडवाटेने येत होते. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींमध्ये स्नायू आकुंचित करणारे एक द्रव्य सापडले. त्यांनी त्याला ‘एन्टेरामिन’ म्हटले. १९४८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज यांनी रक्तद्रवातून एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘सेरोटोनिन’ हे नाव दिले. १९५२ मध्ये उलगडा झाला, की ही दोन्ही द्रव्ये एकच. पुढच्याच वर्षी बेटी ट्वॅरोग आणि पेज यांनी सेरोटोनिन मेंदूतही असल्याचे दाखवून दिले.

१२/
आज मनःस्थितीशी ज्याचे नाव जोडले जाते त्या सेरोटोनिनचा ९० टक्क्यांहून अधिक साठा आतड्यात असतो. येथे एक सावधगिरी हवी. आतड्यातले सेरोटोनिन सहसा मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील पेशींचा तट त्याला अडवतो. त्याचा कच्चा माल म्हणजे अन्नातून मिळणारे ट्रिप्टोफॅन मात्र हा तट ओलांडते. पुढच्या कथेत हे ट्रिप्टोफॅन पुन्हा भेटणार आहे.

१३/
दुसरा पुरावा यकृताच्या रोग्यांकडून आला. १८९३ मध्ये रशियात पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांतील रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत सोडले. ही कुत्री मांस खाल्ले, की चिडखोर होत, त्यांचा तोल जाई, शेवटी ती बेशुद्ध पडत. १९५४ मध्ये लंडनच्या शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृत निकामी झालेल्या माणसांतील अशाच अवस्थेचे वर्णन केले: भ्रम, बदललेला स्वभाव, गुंगी. आतड्यातील जंतू प्रथिनांपासून अमोनियासारखी द्रव्ये तयार करतात. निरोगी यकृत ती निष्प्रभ करते, रोगट यकृताला ते जमत नाही.

१४/
मग निओमायसिन हे प्रतिजैविक या रुग्णांना तोंडावाटे देण्यात येऊ लागले. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही; त्याचे काम आतड्यातच चालते. जंतू घटले, अमोनिया उतरला आणि भ्रमिष्ट रुग्ण भानावर येऊ लागले. आतड्यातील जंतूंवर उपचार केल्याने बुद्धी ठिकाणावर येते, हे आता डोळ्यांदेखत दिसत होते. कॉटन यांच्या हाती नसलेल्या तीन गोष्टी येथे होत्या: मोजता येणारे द्रव्य, त्याचा माहीत असलेला मार्ग आणि चूक झाली तर थांबवता येणारा उपचार.

१५/
तिसरा पुरावा आमांशाच्या रुग्णांचा. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या एन. ए. चौधरी आणि सिडनी ट्रूलव्ह यांनी सतत पोटदुखी आणि बिघडलेली शौचाची सवय असलेल्या १३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज या आजाराला ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ अथवा ‘आयबीएस’ म्हणतात. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचा त्रास आतड्याच्या संसर्गानंतर सुरू झालेला होता. जंतू गेला, तरी आतडे पूर्ववत झाले नव्हते. या आजारासोबत चिंता आणि नैराश्य वारंवार आढळे. पण आधी काय, पोट की मन? रुग्ण दवाखान्यात येई तेव्हा दोन्ही बिघडलेली असत. त्यामुळे उत्तर मिळत नसे.

१६/
उत्तराचा एक धागा १९९८ मध्ये हाती आला. अमेरिकेत मार्क लाइट आणि सहकाऱ्यांनी उंदरांना तोंडावाटे ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा अतिसाराचा जंतू दिला. उंदीर आजारी दिसत नव्हते. रक्तात प्रतिकारशक्ती खवळल्याची ठळक चिन्हेही नव्हती. तरीही ते अधिक भित्रे वागले: उघड्या जागेत जायला कचरू लागले. पुढे लाइट आणि लिसा गोहलर यांच्या कामातून दिसले, की आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या पेशी या संसर्गात जाग्या होतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला वर्दी देतात. विष रक्तातून वर चढण्याआधीच चेतेवरून बातमी पोहोचत होती.

१७/
२००४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातील नोबुयुकी सुदो यांच्या गटाने पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेले उंदीर तपासले. कोंडून ठेवल्यावर या उंदरांच्या रक्तातील तणावाची संप्रेरके नेहमीच्या उंदरांहून फारच वर चढली. मेंदूच्या काही भागांत चेतापेशींचे पोषण करणारे ‘बीडीएनएफ’ हे प्रथिन कमी आढळले. एक उपयुक्त जंतू आतड्यात रुजवल्यावर तणावाची ही अतिरेकी प्रतिक्रिया शमली. अतिसाराचा एक जंतू रुजवल्यावर उलट वाढली. उत्तर म्हणजे आतड्यात कोण राहते आणि कोण घुसते, याला महत्त्व होते.

१८/
माणसांवर असा प्रयोग कुणी करणार नाही. पण एका गावाच्या वाट्याला तो दुर्घटना म्हणून आला. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन, सुमारे पाच हजार वस्तीचे. मे २००० मध्ये मुसळधार पावसाने शेतातील गुरांचे शेण एका सार्वजनिक विहिरीत उतरले. पाण्याचे क्लोरिनेशन नीट झाले नाही. नळावाटे ‘ई. कोलाय ओ१५७:एच७’ आणि तोच ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ घरोघरी पोहोचला. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, सात जण मृत्यू पावले.

१९/
शोक आणि संताप यांच्यात या गावाने आणखी एक काम केले: पुढील अनेक वर्षे स्वतःची तपासणी करू दिली. कोण आजारी पडले, कोण नाही, कोणाला आधीपासून काय त्रास होता, याची नोंद झाली. दोन ते तीन वर्षांनंतर वैद्यकीय नोंदींतून संसर्ग झाल्याचे दिसत असलेल्यांपैकी ३६.२ टक्के लोकांना ‘आयबीएस’ होता; जे आजारी पडले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण १०.१ टक्के होते. आठ वर्षांनंतरही अनेकांचा त्रास संपला नव्हता. ज्यांना आधीपासून चिंता अथवा नैराश्य होते, त्यांना धोका अधिक होता. रस्ता दुहेरी होता: मन पोटाला हळवे करत होते आणि संसर्ग पोटाला वर्षानुवर्षे बिघडवून ठेवत होता.

२०/
वॉकर्टनच्या अभ्यासात पुढाकार घेणाऱ्या मॅकमास्टर विद्यापीठातच प्रेमिस्ल बर्चिक आणि स्टीफन कॉलिन्स यांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांच्या आतड्यात एक चाबकाच्या आकाराचा जंत सोडला. त्याने दीर्घकाळ सौम्य दाह निर्माण केला. उंदीर भित्रे झाले. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात ‘बीडीएनएफ’ घडवणारा संदेश घटला. रक्तात ट्रिप्टोफॅनच्या मानाने ‘कायन्युरेनिन’ वाढले. दाह पेटला, की ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनकडे जाण्याऐवजी या दुसऱ्या वाटेने वळते.

२१/
२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक उद्‌बोधक. दाह शमवणारी औषधे दिल्यावर भित्रेपणा गेला, कायन्युरेनिन उतरले. पण ‘बीडीएनएफ’ पूर्ववत झाले नाही. ‘बिफिडोबॅक्टेरियम लाँगम’ हा उपयुक्त जंतू दिल्यावरही भित्रेपणा गेला आणि ‘बीडीएनएफ’ सुधारले. पण दाह आणि कायन्युरेनिन तसेच राहिले. व्हेगस चेता आधीच कापून ठेवल्याने या जंताचा दुष्परिणाम टळला नाही. अर्थात पोटातून मेंदूकडे जाणारी वाट एक नव्हे. कधी चेता, कधी दाहाचे रेणू, कधी अन्नरसाचे बदललेले रसायन. संसर्गागणिक वाट बदलते.

२२/
माणसांतील पुरावा अजून इतका पक्का नाही. २०१७ मध्ये याच विद्यापीठाने ‘आयबीएस’च्या ४४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. हाच उपयुक्त जंतू सहा आठवडे घेतलेल्या गटात नैराश्याचे गुणांक खोटे औषध घेतलेल्या गटाहून अधिक उतरले. चिंतेत मात्र तसा फरक दिसला नाही. ४४ माणसे म्हणजे आशेला जागा आहे, खात्रीला नाही. नैराश्याचे कारण पोटच, असे यावरून म्हणता येत नाही, आणि बाजारातील कोणत्याही पुडीने मन बरे होईल, असे तर मुळीच नाही. शंभर वर्षांपूर्वी शस्त्राने जी घाई केली, ती आज जाहिरातींनी करू नये.

२३/
कॉटन यांच्या हातून दोन चुका झाल्या. एका आजाराचे खरे ठरलेले कारण त्यांनी सर्व आजारांना लावले, आणि आपला सिद्धान्त चुकीचा ठरू शकेल अशी एकही कसोटी त्यांनी ठेवली नाही. तिसरी चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. ती प्रतिष्ठित गुरूची होती, ज्याने शिष्याच्या आणि व्यवसायाच्या अब्रूसाठी सत्य दडपले. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना नकार देण्याचाही अधिकार नव्हता, कारण त्यांच्या कपाळी ‘वेडे’ हा शिक्का बसलेला होता. ही सारी हकीकत सामान्य वाचकांपुढे सविस्तर आली ती इतिहासकार अ‍ॅन्ड्र्यू स्कल यांच्या २००५ मधील पुस्तकामुळे.

२४/
ट्रेंटन आणि वॉकर्टन ही दोन गावे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हीकडे प्रश्न एकच: आतड्यातील जंतू माणसाच्या मनापर्यंत पोहोचतो का? ट्रेंटनमध्ये उत्तर आधी ठरले आणि माणसे त्या उत्तरासाठी कापली गेली. वॉकर्टनमध्ये जे आजारी पडले त्यांच्याइतक्याच काळजीने जे पडले नाहीत त्यांचीही नोंद ठेवली गेली. ग्रीनेकर यांच्या दडपलेल्या कागदांतही तीच पद्धत होती: बरे झालेल्यांबरोबर न बरे झालेल्यांना आणि मेलेल्यांनाही मोजणे. तो अहवाल १९२६ मध्ये उजेडात आला असता, तर कित्येक रुग्ण आपल्या पायांनी ट्रेंटनच्या फाटकाबाहेर पडले असते.